घेटुळीचं निमंत्रण

आधीच सांगते, माझा भुतांवर विश्वास नाही. मी अकरावीत आहे, सायन्सला, आणि गेल्या महिन्यात शाळांच्या प्रदर्शनात माझ्या प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालंय. तीनशे मुलांसमोर माइक धरून मी अकरा मिनिटं बोलले, हात न थरथरता. गेल्या वर्षीपर्यंत मला हजेरीला ‘प्रेझेंट मॅम’ म्हणतानासुद्धा घसा खाकरावा लागायचा. म्हणून हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी ‘बिचारी घाबरट आहे’ म्हणायला नको.

प्रोजेक्ट होता घेटुळीच्या मुळावर. घेटुळी तुम्ही बघितलेली असते, फक्त तिच्यावर पाय देऊन पुढे गेलेले असता. फुटपाथच्या फटीत, मेट्रोच्या खांबाखाली, पार्किंगच्या भिंतीला चिकटून ती जमिनीवर पसरते. लालसर देठ, जोडीतलं एक पान मोठं आणि एक छोटं, आणि टाचणीच्या डोक्याएवढी गुलाबी फुलं. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि वाटतं, गेली. पण खाली मूळ असतं, बोटभर जाड, पिळदार. पाऊस झाला की ती त्याच जागेवरून परत येते. तिचं दुसरं नाव पुनर्नवा आहे ते त्यामुळेच. अंगावरची सूज, कावीळ, लघवी साफ न होणं, या सगळ्यांवर जुने लोक ते मूळ उकळून देत.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. तानूआत्यानं शिकवलं.

तानूआत्या बाबांची आत्या, म्हणून आमच्या घरात सगळ्यांचीच आत्या. कोरेगावजवळच्या खेड्यातली. तिचे यजमान फौजेत हवालदार होते, त्यामुळे तिची सगळी उमर दिल्ली कँटोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये गेली. तिथे साताऱ्या-सांगलीकडच्या फौजी घरांतल्या बायका तिच्याकडे यायच्या. आत्या आधी त्यांचे पाय बघायची. नडगीवर अंगठा दाबून धरायची, मग उचलायची आणि बघत बसायची. खड्डा लगेच भरला तर म्हणायची, “जा, तुला काय झालं नाय. कामाचा कंटाळा आलाय तुला.” खड्डा तसाच राहिला तर गप्प व्हायची.

मग विचारायची, “एमआय रूमचा कागद कुठंय?” एमआय रूम म्हणजे पलटणीचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरचा कागद दाखवल्याशिवाय ती मुळाला हात लावायची नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला, पण कागद उलटासुलटा करून बघायचीच. प्रदर्शनात बोलताना हा भाग मी गाळला. ‘डॉक्टरशिवाय उतरवलेली सूज’ असं म्हटलं की हॉल कसा शांत होतो, ते मला प्रॅक्टिसमध्येच कळलं होतं. टाळ्या पण तिथेच पडल्या.

यजमान गेल्यावर आत्या आमच्याकडे मयूर विहारला आली. माझ्या खोलीत खिडकीकडची लोखंडी कॉट तिची, भिंतीकडची माझी. तिच्या उशीखाली खैराची एक खुंटी असायची, वीतभर लांब, टोक काढलेली. मुळाला लोखंड लावायचं नाही, लाकडानंच खणायचं, असा तिचा नियम. त्याच खुंटीनं ती मला पहाटे उठवायची. कॉटच्या पायावर एकदाच मारायची. टक.

आणि मूळ असंच उपटून आणायचं नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन त्याला निमंत्रण द्यायचं. झाडाच्या बुडाशी हळदकुंकू आणि पाच अक्षता ठेवायच्या, लाल दोरा बांधायचा, आणि ज्याच्यासाठी न्यायचंय त्याचं नाव घेऊन सांगायचं, उद्या सकाळी न्यायला येते, तयार राहा. बरोबर एक साक्षीला माणूस लागतो. सकाळी दोघांनी सूर्य उगवायच्या आत जायचं, मूळ निघेपर्यंत बोलायचं नाही, आणि आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. एकटीनं काढलेलं मूळ लागू पडत नाही.

“आणि बोलावून गेलंच नाही तर?” मी एकदा विचारलं होतं.

“पाव्हण्याला जेवायला बोलीवलं आन दाराला कडी घातली, तर तो काय करंल?”

“घरी जाईल परत.”

“तू जाशील. घेटुळी न्हाय जायाची,” आत्या म्हणाली होती. “ती ज्याच्या नावानं बोलीवली त्याला हुडकत येती.”

गेल्या वर्षीची गोष्ट. गौरी जेवल्या त्या आठवड्यातली. माझी दहावी, प्री-बोर्डची तयारी चालू. संध्याकाळी आत्या म्हणाली, चल खाली, साक्षीला पायजेस. मी कानात इअरफोन घालूनच गेले. सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळ, जिथून पलीकडे यमुनेच्या खादरातली, म्हणजे पूरपट्ट्यातली, शेतं दिसतात, तिथे एक मोठी घेटुळी पसरली होती. आत्या वाकली, दोरा बांधला, ओठ हलवून नाव घेतलं. मी केमिस्ट्रीचा व्हिडिओ बघत होते. नाव ऐकलंच नाही. विचारलं पण नाही. हे झालं माझं पहिलं.

दुसरं त्याच्यापेक्षा वाईट आहे. सकाळी टक झालं. मी डोळे न उघडता म्हटलं, “पाच मिनिटं, आत्या.”

जाग आली तेव्हा आठ वाजले होते. आत्या तिच्या कॉटच्या कडेला बसलेली होती, लुगडं नेसून, पायात चपला घालून, खुंटी मांडीवर धरून. डोकं खिडकीला टेकलेलं. ती माझी पाच मिनिटं संपायची वाट बघत बसली होती आणि बसल्या बसल्याच गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळे म्हणाले, छान मरण आलं, कुणाची सेवा नाही घेतली. मी कुणालाच काही सांगितलं नाही. काय सांगणार होते, यार?

त्यानंतर ते सुरू झालं. रोज नाही. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. पहाटे साडेपाचला खिडकीकडच्या रिकाम्या कॉटच्या पायावर आवाज यायचा. टक. एकदाच. मी स्वतःला समजावलं की लोखंड आहे, थंडीनं आकसतं, गरमीनं फुगतं, बिल्कुल साधं फिजिक्स आहे. उशीखालची खुंटी मी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. तरी आवाज आला.

या पावसाळ्यात घेटुळी वर यायला लागली. आमचं घर चौथ्या मजल्यावर. आधी तुळशीच्या कुंडीत उगवली, ते ठीक आहे, मातीतून आली असेल. मग बाल्कनीत एसीचं पाणी जिथे ठिबकतं तिथल्या फटीत. मग आई-बाबांच्या खोलीच्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, जिथे मूठभर मातीसुद्धा नाही. मी उपटायची, ती आठवड्यात परत हजर. त्या वेळी मला ते शुभ वाटलं. प्रोजेक्टसाठी ताजे नमुने घरातच. मी बाबांना म्हटलं पण, “आत्या मदत पाठवतेय.”

बाबा गाझियाबादच्या कारखान्यात आहेत, सकाळी सातला निघतात. ते म्हणाले, “मदत पाठवायची तर पार्किंगला जागा पाठव म्हणावं.”

बक्षीस मिळालं त्या संध्याकाळी मी मशीनला लावायचे कपडे वेगळे करत होते. आईच्या सलवारीच्या घेराला बारीक हिरवे दाणे चिकटले होते, ओळीनं. घेटुळीची बी चिकट असते, येणाऱ्याजाणाऱ्याला धरते. आई केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे, मेट्रोनं जाते आणि स्टेशनपासून मागच्या भिंतीकडून चालत येते. अच्छा, तिथे लागली असेल. मग मी बाबांच्या पँट्स बघितल्या. ते गाडी लावून त्याच भिंतीजवळून येतात. एक दाणा नाही. माझी युनिफॉर्मची सलवार बघितली. मी तर दिवसातून दोनदा तिथून जाते. काही नाही.

दुसऱ्या दिवशी परत आईच्याच सलवारीला. तिसऱ्या दिवशी आईनं साडी नेसली होती, तर साडीच्या काठाला. मी ते दाणे काढून कागदावर ठेवत गेले. आठवडाभरात छोटा ढीग झाला.

आता मला सगळं उलटं दिसायला लागलं. सकाळी आईचे डोळे सुजलेले असतात आणि ती म्हणते, स्क्रीन बघून होतं. उन्हाळ्यात तिनं चपलांचे तीन जोड वॉचमनच्या बायकोला देऊन टाकले आणि एक नंबर मोठे सँडल आणले. अंगठी काढून ठेवलीय, म्हणे भांडी घासताना अडकते. भांडी आमच्याकडे सुनीता घासते.

आणि आत्या कागद बघितल्याशिवाय कधी निमंत्रण द्यायची नाही. म्हणजे त्या संध्याकाळी तिनं ज्याचं नाव घेतलं, त्याचा कागद तिनं बघितलेला होता. म्हणजे तो कागद कुठेतरी होता. कदाचित याच घरात.

शनिवारी दुपारी आई सोफ्यावर पाय वर घेऊन झोपली होती. टीव्ही चालू, आवाज बंद. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. सलवार थोडी वर सरकवली आणि नडगीवर अंगठा टेकवला. आत्या जितका वेळ दाबायची तितका वेळ दाबला. मनात प्रार्थना चालली होती की मी वेडी ठरू दे, सगळ्या बिया योगायोगाच्या निघू देत.

अंगठा उचलला. खड्डा राहिला.

मी बघत राहिले. टीव्हीवर एक जाहिरात संपली, दुसरी लागली. माझ्या अंगठ्याच्या आकाराचा खड्डा आईच्या पायावर तसाच होता, कुणीतरी ओल्या मातीत ठसा उमटवून निघून जावं तसा. आणि मला पक्कं जाणवलं, माझ्या मागे खिडकीकडच्या बाजूला कुणीतरी उभं राहून तो खड्डा माझ्याबरोबर बघतंय. मी वळले नाही.

“काय करतेस गं?” आई डोळे न उघडता म्हणाली.

“काही नाही. डास होता.”

मी तशीच खाली पळाले. मागच्या भिंतीजवळ हरिदासजी, आमचे माळी, खुरपं घासून धार लावत होते. सोसायटीनं नोटीस लावली होती, दिवाळीच्या रंगकामासाठी मागची भिंत साफ करणार.

“कब साफ करोगे, अंकल?”

“कल सुबह, बेटा. आठ बजे. सब घास निकल जाएगी. तुझे प्रोजेक्ट के लिए और चाहिए तो अभी ले जा.”

ते गेल्यावर मी वाकून बघितलं. मोठी घेटुळी होती तिथेच होती, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट पसरलेली. देठ बाजूला केले. बुडाशी, मातीत अर्धा रुतलेला, दोरा होता. लाल राहिला नव्हता, मातकट झाला होता, पण गाठ आत्याची होती. ती डाव्या हातानं बांधायची, त्यामुळे तिची गाठ उलटी यायची. देठ वाळले, नवे आले, आणि ती वर्षभर तशीच बांधलेली राहिली. निमंत्रण मोडलेलं नव्हतं. थांबलेलं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. “उद्या पहाटे माझ्याबरोबर खाली येशील? साडेपाचला. कशाला ते विचारू नकोस.”

आईचा हात फोडणीवर थांबला. तिनं खरंच विचारलं नाही. आमची आई, जी मला ‘पाच मिनिटांत आले’ म्हटल्यावर कुठे, कुणाबरोबर, किती वाजता, हे तिन्ही प्रश्न विचारते, ती फक्त म्हणाली, “येईन.” मला तिचं ते न विचारणंच जास्त लागलं.

पहाटे टक झालं. या वेळी मी ‘पाच मिनिटं’ म्हटलं नाही. ताडकन उठून बसले आणि खिडकीकडे बघितलं.

आत्याच्या कॉटच्या कडेला कुणीतरी बसलं होतं. पायात चपला, मांडीवर खुंटी, डोकं जरासं खिडकीकडे. मग ते डोकं माझ्याकडे वळलं आणि ती आई होती.

तिनंच वाजवलं का, खुंटी तिला कपाटात कशी सापडली, कितीतरी विचारायचं होतं. पण मूळ निघेपर्यंत बोलायचं नाही. आईनं ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे तिलाही नियम माहीत होता.

जिन्यानं उतरलो. आई कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबून. मी पुढे जाऊन परत मागे येत होते. वरून पहिली मेट्रो अजून गेली नव्हती. खादराकडे धुरकट उजेड होता. मी झाडाच्या पश्चिमेला बसले, म्हणजे सूर्य आला तरी सावली मागे पडेल, आणि खुंटीनं खणायला लागले. आई माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली. तिला तसं बसताना त्रास होत होता, ते दिसत होतं. माती वर घट्ट, खाली मऊ. दोन वेळा खुंटी निसटली. बोटं सोलली. मग मूळ हाताला लागलं, आणि मी ओढलं नाही, आत्या म्हणायची तसं हलवत राहिले. ते आलं. गाजराएवढं जाड होतं, दोन ठिकाणी पीळ पडलेला, मातीचा ओला वास. दोरा अजून गळ्यात होता.

“तू वाजवलंस ना?” मी लगेच विचारलं.

आई मुळाकडे बघत होती. “मी नाही वाजवलं. मी ते ऐकून उठले. वर्षभर ऐकतेय. मला वाटायचं मला एकटीलाच येतं.”

“तुझ्या खोलीत?”

“तुमच्या खोलीतून. भिंतीतून येतं. दोनदा उठून आले बघायला, तू झोपलेली होतीस. काल रात्री ही खुंटी माझ्या उशाशी होती, केतकी. मला वाटलं तू ठेवलीस.”

मी ठेवली नव्हती. मी ते तिला तिथे सांगितलं नाही, कारण आई रडायला लागली होती. अगदी आवाज न करता, ओढणी तोंडाला लावून.

“माझंच नाव घेतलं होतं त्यांनी,” आई म्हणाली. “आत्यांनी गणपतीत माझा पाय दाबला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या दवाखान्यात तपासणी करून घेतली. लघवीतून प्रोटीन जातंय म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलला दाखवा. तो कागद मी आत्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, मूळ काढते, पण मूळ हातात पडलं की त्याच सकाळी गुणवंताला, तुझ्या बाबांना, सांगायचं आणि दवाखाना गाठायचा. नाहीतर मी सांगेन. मी हो म्हटलं.”

“मग?”

“मग त्या सकाळी त्याच गेल्या. आणि तुझी दहावी होती. म्हटलं, ती होऊ दे. ज्यांना शब्द दिला ते माणूसच राहिलं नाही, तर मी…”

एक वर्ष. माझ्या पाच मिनिटांवर आईनं एक वर्ष चढवलं होतं. मी तिला माझं सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी. ती माझे मातीचे हात आपल्या हातात घेऊन बसली. वरून पहिली मेट्रो गेली. सूर्य आला आणि आमच्या दोघींच्या सावल्या मागे, रिकाम्या जमिनीवर पडल्या.

माझ्या हातात मूळ होतं आणि मला त्याचा काढा येत होता. ठेचून, सुंठ घालून, सोळा वाट्या पाण्याच्या दोन वाट्या होईपर्यंत. प्रदर्शनाच्या तक्त्यावर मीच ते मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. एक मिनिटभर वाटलं की वर जाऊन गॅस पेटवावा, कुणाला काही सांगायलाच नको. मग कागद उलटासुलटा करून बघणाऱ्या आत्याचा आवाज आठवला.

“कागद कुठंय?” मी विचारलं.

तो देवघराच्या खणात, हळदकुंकवाच्या डबीखाली होता.

बाबांनी कागद वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्या दिवशी ते कुणावर रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पण तारखेवर बोट ठेवलं. “यह तो साल भर पुराना है।” मी पिशवीतून मूळ काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांना झाडाचं नाव माहीत होतं. म्हणाल्या, किडनी कमजोर असताना हे अजिबात द्यायचं नाही, यात पोटॅशियम असतं, ते बाहेर पडलं नाही तर हृदयावर जातं. आधी बायोप्सी. पुढचं पुढे.

“मी शाळेत सांगितलं की डॉक्टर नको,” मी म्हटलं. हिंदीत म्हटलं, आणि घसा खाकरूनच म्हटलं.

“तो जाके फिर से बोल देना,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी माइक मागून घेतला आणि सांगितलं. एमआय रूमच्या कागदासकट. या वेळी टाळ्या नाही पडल्या.

बायोप्सी झाली. गोळ्या चालू आहेत, त्यांनी आईचा चेहरा गोल झालाय आणि तिला सारखी भूक लागते. डॉक्टरीणबाई म्हणतात, उशीर झालाय, पण फार नाही. पूर्ण बरी होईल की नाही ते अजून सांगत नाहीत. हरिदासजींनी भिंत साफ करून पिवळी रंगवली. मूळ मी बाल्कनीतल्या कुंडीत पुरलं. त्याला दोन पानं आलीत, एक मोठं, एक छोटं. आईच्या कपड्यांना आता बी लागत नाही.

टक पण येत नाही. साडेपाचला मला जाग येतेच. मी अंधारात पडून खिडकीकडच्या कॉटकडे बघत राहते, पाच मिनिटं वाट बघते. मग उठून आईच्या खोलीत जाते, तिचा पाय मांडीवर घेते, नडगीवर अंगठा दाबते आणि उचलून खड्डा भरेपर्यंत मोजत राहते. परवा एकोणीसपर्यंत मोजावं लागलं होतं. आज चौदा.